कात्रीचं सोवळं

वाटूरच्या आपल्या मोसंबीबागेच्या बांधावर बद्रीनाथांनी आसिफाचा कागद हातभर लांब धरून वाचला. शेतकी पदवी, मग आठ वर्षं बंदरावर परदेशी रोपांची रोगतपासणी, आता फळबागांची सल्लागार.

"बंदरावर मोसंबी पिकती व्हय?"

समोर गडी एकाच कात्रीनं झाडामागून झाड छाटत होता. आसिफाचा पारा चढला. तिनं कात्री हिसकावून सोबत आणलेल्या बादलीतल्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवली.

"दर झाडाला बुडवायची, काका. बिलकुल सूट न्हाई."

"वीस वर्षं बाग करून राह्यलो. कात्रीला सोवळं पहिल्यांदाच ऐकलं. हे कुठं शिकल्या?"

"कागदावर न्हाई ते. माझे अब्बा बदरोद्दीन, भोकरदनचे. गावोगाव मोसंबीची कलमं बांधायचे. चाकू लुंगीला पुसला की पुढचं रोप. रोग चाकूवरून जातो, हे त्यांना कधी कळलंच न्हाई. मला कळलं, तेव्हा मी बंदरावर होते आणि अब्बा कबरीत."

बद्रीनाथांची नजर खुरटलेल्या झाडांवर, बुंध्याच्या सुटलेल्या सालीवर गेली.

"ही कलमं त्यांनीच बांधल्ती," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे. कुठं कुठं बांधली, त्याची वही आहे माझ्याकडं. तिच्यापायीच नोकरी सोडली."

बद्रीनाथांनी कात्री उचलली, आपल्या हातानं पुन्हा पाण्यात बुडवली आणि गड्याला दिली. "सोवळं पाळायचं, बराबर."

मग आसिफाला विचारलं, "आमची बाग कितवी?"

"सतरावी," ती पुढच्या झाडाकडं वळत म्हणाली. "अजून बावीस आहेत."