मोतीबाबाची हिरवी दाढी

रविवारी सकाळी आठ वाजता मोतीबाबाच्या हॉलबाहेर दीडशे माणसं रांगेत उभी होती आणि त्यातल्या निम्म्यांना रांग दिसत नव्हती. पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून ती सरकत होती. एक म्हातारबा चुकून शेजारच्या लाँड्रीच्या रांगेत शिरले. तिथे त्यांच्या हातात इस्त्रीचे तीन शर्ट पडले, ते त्यांनी कपाळाला लावले आणि कृतकृत्य होऊन घरी गेले.

हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे. "डोळा उजेडाला घाबरतो," असं बाबा सांगायचा. कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा, मध्ये खुर्ची. बाबा पेशंटची पापणी खाली ओढायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि चिमटा घालायचा. चिमटा बाहेर आला की त्याच्या टोकाला पांढरट, ओलसर पापुद्रा लोंबत असायचा.

"हा बघा मोतीबिंदू! सुरी नाही, सुई नाही, टाका नाही! डॉक्टर काय करतो? डोळा फाडतो. अहो, खिडकीसमोर पडदा आलाय म्हणून कुणी भिंत पाडतं का?"

"नाही!" हॉल गरजायचा.

"मग काय करायचं?"

"पडदा उचलायचा!"

मग बाबा डोळ्यात दोन थेंब टाकायचा. अर्धा तास बसवून ठेवायचा. पेशंट दिव्याकडे बघायचा आणि ओरडायचा, "दिसतंय!"

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी "दिसतंय!" असं सगळ्यांत मोठ्याने ओरडली होती ती अक्का.

अक्का म्हणजे धाकटीची थोरली बहीण. धाकटी स्वतः अठ्ठावन्न वर्षांची होती, पण अक्का असेपर्यंत तिला बढती मिळण्याची शक्यता नव्हती. दोघी एकाच घरात राहायच्या आणि दिवसभर भांडायच्या. दोघींनाही मोतीबिंदू एकाच सुमारास झाला. धाकटीने गपचूप जाऊन उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. अक्का बाबाकडे गेली.

"तुला सुरी आवडते, मला नाही," अक्का म्हणाली. "ज्याची त्याची हौस."

बाबाच्या थेंबांनी तिला तीन दिवस लख्ख दिसायचं, चौथ्या दिवशी पुन्हा धुकं. मग पुन्हा रविवार. वर्षभर हे चाललं. एक दिवस तिचा डावा डोळा ठणकायला लागला, लालबुंद झाला, तिला उलट्या झाल्या. बाबा म्हणाला, "पडद्याचं मूळ सुटतंय, सोसा." अक्काने चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी डोळ्यासमोर अंधार झाला, तो कायमचा.

धाकटीचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "ते थेंब बाहुली मोठी करणारे आहेत. बाहुली पसरली की मोतीबिंदूच्या कडेने थोडा उजेड आत शिरतो, म्हणून दोन-तीन दिवस बरं दिसतं. पण काही डोळ्यांत त्यानेच दाब वाढतो. मोतीबिंदू कधीही काढता आला असता हो. दाबाने डोळ्यामागची शीर मेली, ती परत येत नाही."

"आणि उजवा?"

"तो वाचवता येईल. लवकर ऑपरेशन करू."

अक्का खुर्चीतून उठलीच. "एकच उरलाय. ऑपरेशनमध्ये तो गेला तर? लिहून देता, शंभर टक्के काही होणार नाही म्हणून?"

"शंभर टक्के कुणीच लिहून देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धोका अगदी कमी असतो, पण असतो."

"बघ!" अक्का धाकटीला म्हणाली. "बाबा शंभर टक्के देतात."

त्या दिवसापासून धाकटीच्या मनात सूड शिजायला लागला. तिने बरेच पर्याय तपासले. बाबाची बोटं दारात चेंगरणं, बाबाच्या वाटेत गटाराचं झाकण उघडं ठेवणं, बाबाचं अक्काशी लग्न लावून देणं. शेवटचा सर्वांत क्रूर होता, पण अक्काचा त्यात काय दोष, म्हणून तिने तो सोडून दिला. एक गोष्ट मात्र पक्की होती. बाबा नुसता पकडला जाऊन चालणार नव्हतं, अक्काच्या देखत उघडा पडायला हवा होता. नाहीतर अक्का दुसरा डोळाही त्याच्याच हवाली करणार होती.

धाकटी अंड्यांच्या गोदामात कामाला होती. सव्वीस वर्षं. अंधाऱ्या खोलीत पत्र्याचा डबा, डब्यात बल्ब, डब्याला भोक, भोकावर अंडं. आतली हवेची पोकळी लहान दिसली तर ताजं, मोठी दिसली तर शिळं. शिळी अंडी बाजूला. ती स्वस्तात न्यायला दर शुक्रवारी एक जाड माणूस यायचा. तीस अंडी, फक्त शिळी.

"कुत्र्यांसाठी," तो म्हणायचा.

एका रविवारी अक्काला सोडायला गेलेल्या धाकटीने हॉलच्या दारात त्याच माणसाला रांग सरळ करताना पाहिलं. तो बाबाचा मेहुणा निघाला. हॉलमध्ये कुत्रं नव्हतं. बाबा तर, हॉलबाहेरच्या फलकावर लिहिल्याप्रमाणे, फक्त पाण्यावर आणि सकाळच्या उजेडावर जगत होता.

घरी आल्यावर तिने फळीवरची बाटली काढली. बाबाने पहिल्या दिवशी काढलेला "मोतीबिंदू" अक्काने त्यात आठवण म्हणून जपून ठेवला होता. धाकटीने तो अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळला. डोळ्यांनी फसवलं असतं, पण ही बोटं सव्वीस वर्षांत लाखो अंडी फोडून, सोलून, पुसून तयार झाली होती. अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा! शिळ्या अंड्याचा तो अख्खा, न फाटता निघतो. ताज्याचा निघत नाही.

"अक्का, तुझ्या डोळ्यातून अंडं निघालंय."

"तुला जळजळ होते," अक्का म्हणाली. "बाटली ठेव जागेवर."

धाकटी डॉक्टरीणबाईंकडे गेली. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी तिच्या डोळ्याला एक केशरी कागदी पट्टी लावली होती आणि निळ्या टॉर्चने पाहिलं होतं. तो रंग निळ्या उजेडात हिरवागार चमकतो, हे धाकटीने आरशात पाहिलं होतं.

"त्या पट्ट्या पोटात गेल्या तर?"

"काही नाही होत. लघवी पिवळी होते फार तर. का?"

धाकटीने का ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. यंदा त्यांच्याकडे बाबाचे असे अकरा डोळे आले होते. त्यांनी खण उघडून पट्ट्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. "रविवारी टॉर्च घेऊन मी स्वतः येते."

गोदामात पहिल्याच आठवड्यात धाकटीला बोलणी बसली होती, कारण तिने उन्हात तापलेली अंडी गार पाण्यात धुतली होती. गरम अंडं गार पाण्यात पडलं की आतलं आकसतं आणि बाहेरचं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. घाण आत जाते, माल वाया. सव्वीस वर्षं तिने ही चूक टाळली होती. त्या गुरुवारी तिने ती मुद्दाम, प्रेमाने, तीसदा केली. अंडी उन्हात तापवली, गार केशरी पाण्यात सोडली, मग वरून स्वच्छ पुसली. पापुद्रा किंचित पिवळट झाला. मोतीबिंदू चांगला पिकलेला दिसेल, बाबा खूशच होईल.

शुक्रवारी मेहुणा आला. "कुत्री बरी आहेत ना?" धाकटीने विचारलं.

"मजेत," तो म्हणाला.

रविवारी दोघी बहिणी रांगेत उभ्या होत्या. सोबत "भाची" म्हणून डॉक्टरीणबाई. अक्काचा नंबर आला तेव्हा धाकटी पुढे झाली. "आधी माझा बघा. उजवा."

बाबाने पापणी ओढली, बोट फिरवलं, चिमटा घातला. लांबूनही सगळ्यांना दिसेल एवढा मोठा पापुद्रा निघाला.

"फार जुना पडदा! अजून महिना गेला असता तर डोळा संपला होता!"

"बाबा," धाकटी मोठ्याने म्हणाली, "या डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन करून काढलाय. आत प्लास्टिकचं भिंग आहे. तुम्ही काय काढलंत?"

बाबाने पापुद्रा आणखी उंच धरला. "डॉक्टरांनी अर्धा आत ठेवला होता!"

"वा!" हॉल म्हणाला. टाळ्या पडल्या. अक्कासुद्धा टाळ्या वाजवत होती. श्रद्धेला पुरावा दिला की ती तो प्रसाद म्हणून खाते, हे धाकटीला माहीत होतं.

"बाई, दिवा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातला दिवा विझवला आणि निळा टॉर्च लावला.

पापुद्रा हिरवा पेटला. चिमटा हिरवा. बाबाची दहाही नखं हिरवी. शेजारच्या टेबलावर वाटीत भिजत ठेवलेले पापुद्रे वाटीसकट हिरवे. टॉर्च वर गेला. बाबाचे ओठ हिरवे होते, दाढी हिरवी होती आणि दाढीत ऑम्लेटचा एक तुकडा काजव्यासारखा चमकत होता. मेहुण्याने तोंड मिटायचा प्रयत्न केला, पण दात आधीच दिसले होते.

"हा रंग मी गुरुवारी तीस शिळ्या अंड्यांत घातला," धाकटी म्हणाली. "मेहुण्यांनी कुत्र्यांसाठी नेली. मोतीबिंदू म्हणून तुमच्या डोळ्यांतून जे निघतं ते अंड्याचं सालटं आहे. उरलेलं अंडं बाबा खातो. पाणी आणि उजेड!"

काळे पडदे कुणीतरी ओरबाडून काढले. बाबाने झटकन डोळ्यांवर हात धरला. धाकटीच्या हाती थेंबांची बाटली लागली. "धरा याला. अक्काला दिले तितके थेंब याच्या डोळ्यात घालते."

चार जणांनी बाबाला खुर्चीत दाबलं. बाटली त्याच्या डोळ्यावर आली.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बाटली काढून घेतली. ती पुरावा म्हणून लागणार होती. मग सवयीने त्यांनी साध्या टॉर्चचा झोत बाबाच्या डोळ्यात टाकला. एकदा या डोळ्यात, एकदा त्या. त्या हसायला लागल्या.

"अहो, याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे! भिंग चमकतंय बघा. काम सुरेख झालंय."

गर्दीतून वाट काढत, काठी आपटत अक्का पुढे आली. तिने चाचपून बाबाची हिरवी दाढी मुठीत धरली आणि खाली ओढली.

"कुणी केलं रे तुझं ऑपरेशन?"

"सोडा... सांगतो..."

"नाव सांग. दुखलं का? किती दिवसांत दिसायला लागलं?"

"नाही दुखलं," बाबा कण्हत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दिसलं."

"दुसऱ्या दिवशी," अक्का म्हणाली. तिने दाढी सोडली नाही. "आणि मला म्हणालास, सोस."

पोलीस येईपर्यंत बाबाला जमिनीवर बसवून डॉक्टरीणबाईंनी त्याच खुर्चीवर उभं राहून लोकांना सांगितलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं. बाहेरून चिमट्याने काही उचलता येत नाही. गढूळ भिंग काढून स्वच्छ बसवणं हा एकच उपाय आहे. भीती वाटली तर प्रश्न विचारा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, पण डोळा दुखला, लाल झाला तर एक दिवसही सोसू नका.

अक्काने आठ दिवस विचार केला, धाकटीला शंभर वेळा विचारलं, तिच्यावर शंभर वेळा खेकसली आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर ती प्रथम धाकटीकडे बघून म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं!"

खटल्यात पहिली साक्ष तिचीच होती. बाबाच्या वकिलाने मवाळ आवाजात विचारलं, "आजी, एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. समोर कोण उभं आहे ते तुम्हाला नक्की दिसतंय का?"

"दिसतंय की. दाढी काढलीय. हनुवटीवर कापल्याची खूण आहे. शर्टाचं दुसरं बटण तुटलंय आणि त्याला घाम फुटलाय."

वकील खाली बसायला लागला.

"थांबा, माझं झालं नाही," अक्का म्हणाली आणि बाकांवर बसलेल्या लोकांकडे वळली. त्यातले बरेच त्याच रांगेतले होते. "मी दोन वर्षं याच्याकडे गेले आणि एकदाही काही विचारलं नाही. ती माझी चूक, तिची किंमत एक डोळा. तुम्ही विचारा. उद्या कुणीही तुमच्या अंगाला हात लावायला आला, बाबा असो नाहीतर डॉक्टर, तर आधी विचारा. काय काढणार? कुठून काढणार? पुढे त्रास झाला तर कुठे सापडणार? आणि एवढं खरंच काढता येतं, तर उजेडात का नाही काढत?"