आच्वाचा उतार

आचिरोला लहानपणी कुणीही रागावलं तरी बोलण्याचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा: मामानं तुझ्यासाठी पाय दिला, विसरू नकोस. आजी हे वाक्य चिडून म्हणायची नाही. मीठ वाढावं तसं सहज म्हणायची. शाळेतून यायला उशीर झाला, ताटात अन्न टाकलं, मामाच्या आंघोळीचं पाणी तापवायचं राहिलं, की ते वाक्य यायचंच.

गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. लढाईच्या दिवसांत रानातल्या बंडखोरांनी फर्मान काढलं होतं, की कुणी सायकलवर बसायचं नाही. सायकलवाला भरकन जातो आणि सैन्याला खबर देतो, असा त्यांचा हिशेब. जो बसलेला सापडेल त्याचा पाय तोडायचे. लोकांनी आपापल्या सायकली शेतात पुरल्या, कुणी विहिरीत ढकलल्या. अशात तान्ह्या आचिरोला ताप चढला. तिची आई बाळंतपणातच गेली होती. ओचितीमामानं पुरलेली सायकल उकरली, मिशनच्या दवाखान्यातून औषध आणायला निघाला आणि आच्वा नदीच्या उतारावर बंडखोरांच्या हाती लागला. आचिरो जगली. मामाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

ही गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती, की तो ताप आपल्याला आठवतो असं तिला वाटायचं.

पुढे सगळं गाव छावणीत कोंबलं गेलं. मामाचं लग्न तिथंच झालं आणि बायको तिथल्याच साथीत गेली. लढाई संपल्यावर आजी, मामा आणि आचिरो परत आपल्या जमिनीवर आले. झोपड्या उभ्या राहिल्या तेव्हा आजीनं सांगून टाकलं, या अंगणात चाक येणार नाही. आजी वारली तरी नियम राहिला. तो मामाचाच नियम आहे असं सगळे धरून चालले. त्याला कुणी विचारलं नाही.

आणि आचिरोचं पोट मात्र चाकांवरच चालायचं. राजधानीत, कंपालात शिकायला होती तेव्हा मैत्रिणीच्या सायकलवर बसली आणि ते वेड अंगातून गेलंच नाही. कंपालात नोकरी होती, लग्नाचंही एका ठिकाणी जमत आलं होतं. पण मामाला कोण बघणार म्हणून दोन्ही सोडून ती गावाजवळच्या गुलूला परतली. आता ती शहरातल्या हौशी लोकांना सायकलवरून गुलू ते कितगुम आणि परत असं फिरवून आणायची. वाटेत आच्वाचा उतार लागायचा. तिथं ती नेहमी खाली उतरायची आणि सायकल हातात धरून चालायची. पूल धोक्याचा आहे, असं लोकांना सांगायची. दर रविवारी मामाकडे जाताना सायकल रस्त्यावरच्या शिंप्याकडे ठेवायची आणि पायी आत जायची.

त्या कोरड्या महिन्यात तिच्याबरोबर कंपालाचे चौघे होते. नाबुकेन्या नावाची परिचारिका, विमा कंपनीतला किगोंगो आणि एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं. किगोंगो अंगानं भरलेला, तोंडानं त्याहून. सकाळभर त्याचं तोंड चालू होतं, आणि अकराच्या सुमारास ते एकदम बंद झालं. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि पांढरा पडला. नाबुकेन्यानं नाडी बघितली. ऊन लागलंय, म्हणाली, याला सावली हवी, पाणी हवं आणि आडवं करायला हवं. जवळची सावली म्हणजे मामाचं घर. आचिरोनं कधी कुणाला तिथं नेलं नव्हतं. आज इलाज नव्हता.

शिंप्याचं दुकान बंद. सायकली रस्त्यावर सोडायला पाहुणे तयार नव्हते. शेवटी अंगणाच्या कुंपणाबाहेर त्या टेकवल्या आणि किगोंगोला धरून आत आणलं. मामा चिंचेखाली दोर वळत बसला होता. त्यानं चटई टाकायला सांगितली, माठातलं पाणी दिलं. मग कुंपणाकडे बघत म्हणाला, "त्या बाहेर का ठेवल्यात? उन्हानं टायर जातील."

"अंगणात कशा आणू, मामा? आजी म्हणायची—"

"आजी मातीत गेली. तिला आता काय अडचण आहे? आण आत."

आचिरोला कळेना. तिनं एकेक सायकल आणून चिंचेला टेकवली. मामा कुबडीवर उठला आणि सगळ्यांवरून हात फिरवत गेला. साखळी बोटानं दाबली, ब्रेक आवळला, किगोंगोची सायकल एका हातानं उचलून बघितली. ही सायकल आहे की मांजर, असं त्यानं विचारलं. आचिरोनं ते लुगांडात, पाहुण्यांच्या भाषेत सांगितल्यावर चटईवरून किगोंगो पहिल्यांदा हसला.

मग मामानं चौकशी सुरू केली. कुठं निघालात? कितगुमला. तिथं कुणी नातेवाईक? नाहीत. काही विकायचं? नाही. मग तिथं काय? काही नाही, तिथून परत. मामा असा हसला की त्याला ठसका लागला. शेजारची अबालोकाकू धान्य पाखडता पाखडता हसायला लागली. किगोंगोनं कपाळावरचा ओला फडका सरळ केला आणि म्हणाला, "माझी बायकोही अशीच हसते."

आचिरोनं रताळी उकडली. अबालोकाकूनं घरातून मालाक्वांग आणली, तीळ-शेंगदाण्याचं वाटण घातलेली आंबट पाल्याची भाजी. जेवणं झाली. नाबुकेन्याची नजर मघापासून मामाच्या पायाकडे जात होती. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. खुंटाची कातडी सोलवटलीय, कुबडी उंचीला चुकीची आहे, असं तिनं आचिरोकरवी सांगितलं. मग जरा अडखळली. आम्ही तेव्हा शाळेत होतो, म्हणाली. तुमच्याकडची लढाई आम्हाला रेडिओवर ऐकू यायची, आणि वडील स्टेशन बदलून गाणी लावायचे. हे कसं झालं, काका, सांगाल का?

असं कुणी विचारलं की आचिरो विषय बदलायची. पण मामानं प्रश्न आधीच समजल्यासारखी मान हलवली आणि आपल्या अचोलीत बोलायला लागला.

"सकाळ होती. दव सुकलं नव्हतं. सायकल पुरून बरेच महिने झाले होते, आणि मला राहवेना. दक्षिणेत साखर कारखान्यात राबून घेतलेली सायकल ती. उकरली, पुसली, तेल दिलं आणि आच्वाच्या उतारावर गेलो. एकदा खाली सुटायचं आणि घरी यायचं, एवढंच मनात."

मामाचं वय झालं, गोंधळतोय, असं आचिरोला वाटलं. ती पाहुण्यांकडे वळली आणि लुगांडात म्हणाली, "मामा सांगतो, मला ताप होता, म्हणून तो औषध आणायला—"

कुबडी जमिनीवर आपटली.

"औषध नाही," मामा म्हणाला. लुगांडात म्हणाला. गंजलेली, कारखान्याच्या फाटकावर शिकलेली लुगांडा, पण चौघांनाही नीट कळली. "मी औषध म्हणालो नाही. मी म्हणालो ते सांग."

त्याला ती भाषा अजून येते हे आचिरोला ठाऊकच नव्हतं. ती भाषांतर करेल याची वाट न बघता पुढचं त्यानं स्वतःच सांगितलं, शब्द शोधत, हातांनी दाखवत.

"हौसेनं गेलो होतो. तुम्ही निघालात ना, तसाच. कुणी आजारी नव्हतं. खाली गेलो, वारा अंगात भरला, नदी समोरून धावत आली. तेव्हाच घरी परतायचं. पण तसला उतार एकदा उतरून कुणाचं भागतं?"

"नाही भागत," किगोंगो चटईवरून हळूच म्हणाला.

"नाहीच भागत. परत चढलो आणि परत सुटलो. या खेपेला ते पुलापाशी उभे होते. पोरंच होती सगळी. त्यातला एक रडत होता."

आचिरो अचोलीत म्हणाली, "आणि माझा ताप?"

"आला होता की. त्याच्या आधी. तुझ्या आजीनं कडुनिंबाचा काढा पाजला, उतरला."

"मग आजी जन्मभर—"

"ती तरी काय करणार? पोराचा पाय हौसेपायी गेला असं लोकांना सांगायचं कसं? औषधापायी गेला म्हटल्यावर लोक कोंबड्या घेऊन भेटायला यायचे. मला वाटलं, मोठी झाल्यावर तुला तिनंच खरं सांगितलं असेल." त्यानं कुबडी मांडीवर घेतली. "आणि खोटं कशाला बोलू? तू माझं करायचीस, ते मला बरं वाटायचं."

आचिरो उठली आणि भांडी घेऊन झोपडीमागे गेली. तापवलेलं सगळं पाणी तिला आठवलं. कंपालाचा तो माणूस आठवला, जो तिची वाट बघून थकला आणि आता दुसरीकडे संसार करत होता. नाबुकेन्या येऊन शेजारी बसली, काही न विचारता एक पातेलं ओढून घासायला लागली.

ऊन कललं तसा किगोंगो उठून बसला, चालेल म्हणाला. निघताना आचिरोनं मामाकडे बघितलं नाही.

उताराच्या डोक्याशी ती पोचली, आणि सायकलवरून उतरायचं राहून गेलं. रागात होती म्हणून असेल. ब्रेकवरची बोटं तिनं सोडली. डांबर पायाखालून निसटायला लागलं, कानात वारा घुमला, दोन्ही बाजूंचं वाळलेलं गवत पिवळ्या पट्ट्यासारखं मागे गेलं आणि नदी खरंच समोरून धावत आली. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं की कशानं, तिला कळलं नाही. पुलावर ती थांबली. एवढ्यासाठी पाय घालवला, तिच्या मनात आलं. मग लगेच आलं, एवढ्यासाठी जीव तुटणारच. मामाला तिनं माफ केलं नव्हतं. पण त्या सकाळचा तो चोवीस-पंचविशीतला पोरगा तिला पहिल्यांदा दिसला.

बाकीचे ओरडत खाली आले. किगोंगोनं मागे वळून चढाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो आजारी माणूस, नाबुकेन्या त्याला नको म्हणत होती. तो खालीच थांबला. आचिरो एकटी चढली आणि पुन्हा सुटली.

पुढच्या रविवारी ती मामाकडे गेली, पण पाणी तापवलं नाही. समोर बसली आणि कंपालातल्या माणसाबद्दल सगळं सांगितलं, मामाला सोडून येता येणार नाही असं शेवटी तिनं त्याला कळवलं होतं, तेही. मामाचे दोरावरचे हात थांबले.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "विचारलं असतंस तर जा म्हटलं असतं."

"आणि पायाचं विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

खोटं उत्तर द्यायचं मामाच्या मनात आलं असावं, कारण तोंड एकदा उघडून त्यानं मिटलं. शेवटी तो "माहीत नाही" म्हणाला. आचिरोला ते उत्तर आवडलं नाही, पण पटलं. दोघं संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली. अबालोकाकूनं दोनदा कुंपणावरून डोकावून बघितलं, ही दोघं भांडतायत की नाही ते तिला कळेना.

नाबुकेन्या कुबडीचं विसरली नव्हती. तिनं निरोप पाठवला, की गुलूत एक जण हातानं दांडा फिरवून चालवायच्या तीनचाकी गाड्या बनवतो, त्याला भेट. आचिरो भेटली. माप घ्यायला त्याला गावात घेऊन आली. मामानं पायाचं माप मुकाट्यानं दिलं. ब्रेकबद्दल मात्र त्या माणसाचं डोकं खाल्लं. गाडी टेंपोतून आली तेव्हा रंग अजून ओला होता. मामा बसला, दांडा फिरवला आणि अंगणाला तीन-चार फेऱ्या मारल्या. कोंबड्या पळाल्या. मग तो फाटकातून बाहेर पडला, आणि त्या दिवशी अंधार पडायच्या जरा आधी घरी आला. दंड इतके भरून आले होते, की जेवताना घास उचलवत नव्हता. आचिरोनं भरवायला हात पुढे केला, तर त्यानं तो बाजूला सारला.

आता ती दर रविवारी जात नाही. कितगुमला लोक न्यायचे असतात, कधी नुसता कंटाळा येतो, तो तिला पूर्वी येत नसे. गेलीच तर मामा बऱ्याचदा घरी नसतो. अबालोकाकू सांगते, सकाळीच गेला, पार बाजाराच्या पलीकडे दिसला म्हणे कुणाला तरी, दोर वळायचा पडलाय सगळा. आचिरो थोडी चिडते. मग चिंचेखाली बसून आणलेलं जेवते, त्याचा वाटा झाकून ठेवते आणि निघते.