रिकामी खुंटी

नदीकाठच्या उद्यानात बोटींच्या धक्क्यावर एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती: शेवटचं लाइफ जॅकेट खुंटीवर परत आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. बोटी मोजताना माणूस चुकतो, रिकामी खुंटी खोटं बोलत नाही, असं धक्का सांभाळणारी बोटवाली येईल त्याला ऐकवायची.

त्या संध्याकाळी सगळ्या बोटी परतल्या होत्या. एक खुंटी मात्र रिकामी होती.

सवयीप्रमाणे तिने आधी माळीकाकांवर तोंडसुख घेतलं. मग डबे आवरणाऱ्या सहलीच्या मंडळींना विचारून आली. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. परतताना तिची नजर धक्क्याच्या पायरीवर गेली. तिथे बुटांचा एक जोड होता आणि त्यात मोजे चौकोनी घडी करून ठेवलेले. मोज्यांची अशी घडी घालणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता, तिचे सासरे.

सासूबाई गेल्यापासून बाबा हो-नाहीपुरतंच बोलत. बागेची हवा लागेल म्हणून ती त्यांना रोज दुपारी सोबत आणायची. खरं तर त्यांना घरात एकटं ठेवायची तिला भीती वाटायची, पण हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाबांना पोहता येत नव्हतं. पाण्याकडे पाठ करून ते लांबच्या बाकावर बसायचे. आता त्या बाकावर नुसतं दगडाखाली दाबलेलं वर्तमानपत्र होतं.

"जॅकेट घालून गेलेत ना? मग तसं काही..." माळीकाकांनी वाक्य अर्ध्यावरच गिळलं.

तेवढ्यात वरच्या धरणाचा भोंगा वाजला. आता पाणी सोडणार. बोटवालीने दोर उचलला आणि काठाने धावत सुटली. "बाबा" एवढी एकच हाक ती पुन्हा पुन्हा मारत होती. रोज सकाळी आपण त्यांच्यावर चहा गार केला म्हणून चिडतो, हे नेमकं तेव्हाच आठवायचं होतं.

वळणामागे, लव्हाळ्यात, मान मोडलेली हंसाची बोट दुरुस्तीची वाट बघत झाडाला बांधून ठेवलेली होती. त्या बोटीत बाबा बसले होते. जॅकेटचे सगळे पट्टे हनुवटीपर्यंत आवळलेले, पाय अनवाणी, दोन्ही हातांत सुकाणूची दांडी घट्ट धरलेली. आणि ते चक्क घोरत होते.

बोटवालीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच चिखलात फतकल मारून बसली, आधी हसली आणि मग हुंदके देऊन रडली. त्या आवाजाने बाबा जागे झाले.

चोरी पकडली गेल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं. रविवारी बोटीत बसू, असा शब्द त्यांनी नातीला दिला होता. तिच्यासमोर फजिती नको म्हणून रोज सून कामात असताना इथे येऊन बोटीत बसायचा सराव चालला होता. धक्का बंद व्हायच्या आधी जॅकेट परत टांगलं जायचं; आज डोळा लागला. पण बूट धक्क्यावर कशाला काढले?

"तिथे पाटी आहे ना," बाबा म्हणाले, "बूट काढून, जॅकेट घालूनच बोटीत बसावे."

बांधलेल्या, मोडक्या बोटीसाठी हा गृहस्थ रोज धक्क्यापासून खडेकाटे तुडवत अनवाणी येत होता. हिरवळीवर चालू नये अशी पाटी असेल, तर गवत वाळून गेलं तरी वळसा घालून जाणारा हा माणूस. तिला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच माया आली.

"मला सांगायचं होतं, बाबा. माझा जीव गेला असता."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. मग शिकवलं असतं."

ती बोटीत चढली. बोट कलंडली तशी बाबांनी दांडी सोडून तिचं मनगट धरलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला असं धरलं होतं. पाणी हळूहळू चढून लव्हाळ्याला लागलं, तरी दोघं तशीच बसून राहिली.

"उद्या धक्क्यावरच्या चांगल्या बोटीत बसायचं," ती म्हणाली. "आणि दोर सोडायचा."

बाबांनी तिचं मनगट न सोडता पाण्याकडे पाहिलं.

"सोड," ते म्हणाले. "पण एक टोक तुझ्या हातात ठेव."