बोकडाचं गाणं माझ्याकडे होतं

मित्रांनो, नाक दाबू नका. हा आंबट वास माझाच आहे. मी सिनेमाची एक जुनी फीत आहे, कार्टून नुकतीच बोलायला लागली होती त्या काळातली. माझ्यात एक बोकड ढोल वाजवत गातो. चित्रं मधोमध आणि आवाज काठावरच्या नागमोडी रेघेत, अशी माझी घडण. या बोकडाच्या आणखी फिती जगात आहेत, पण त्या मुक्या. गाणं तेवढं माझ्याकडे उरलं होतं.

एके काळी भिंतीवर चादर ताणून मला दाखवायचे. मुलं हसून लोळायची. मग टीव्ही आला; मी माळ्यावर गेले, तिथून भंगारात.

काळेवाडीच्या भंगारातून नवनाथने मला उचललं. हा बीडचा, निघोज्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला. शिफ्ट सुटली की जुनी कार्टून शोधत हिंडायचा. तो मला हीनाकडे घेऊन गेला. वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून ती जुन्या फिती साफ करते, एकेक चित्र कॉम्प्युटरवर उतरवते.

"बोकड आणलाय," नवनाथ म्हणाला.

"ईदच्या आत आणलात, बरं केलंत राव!" तिचे वडील कादरचाचा हसले.

हीनाने माझा काठ उजेडात धरला. "भाऊ, हिला आवाज आहे! हातातलं काम उरकलं की हिलाच घेते. तोवर जपून ठेवा."

"जपायचं मला शिकवता होय ताई? आमचे पार्ट जहाजानं जातात, गंजाचा ठिपका नसतो."

नवनाथच्या हातांना जपायची एकच रीत ठाऊक. प्लॅस्टिकची पिशवी, आतली हवा काढायची, वरून चिकटपट्टीचे घट्ट वेढे. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं त्याने मला गुंडाळलं. लोखंडाला ते मानवतं. पण जुन्या फितीतून आंबट वाफ निघते, तिला बाहेर पडायला वाट लागते. उन्हाळाभर त्याच्या खोलीत, पत्र्याखालच्या कपाटात माझीच वाफ मला खात राहिली.

हीनाने चिकटपट्टी कापली तेव्हा वासाचा भपकारा आला. मी आक्रसले होते, वेढ्याला वेढा चिकटला होता. ती सोडवायला जाई, तिथे चित्राचा पापुद्रा निघे.

"माझ्याच हातानं झालं, ताई."

"हवेशीर ठेवा, एवढं मी सांगायला हवं होतं, भाऊ."

सुरुवातीचा इवलासा तुकडा तेवढा वाचला. बोकड ढोलाचं टिपरू उचलतो, तोंड उघडतो, श्वास घेतो. पुढे काही नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची तर तिला काय सोसतं ते आधी विचारा, आणि उद्यावर टाकू नका. तुम्ही म्हणाल, मग तूच म्हणून दाखव ना ते गाणं. बाळांनो, मला ते पाठ नव्हतं. ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं.