कोपरं आत

छत रंगवणाऱ्याची मान मागे आणि हात सतत डोक्यावर. वहिनीनं बारा वर्षं ते काम केलं होतं, पण या वर्षी दहा मिनिटांतच रोलर जड व्हायचा आणि दंडाची मागची बाजू थरथरायची. पुढच्या महिन्यात एका शाळेचं मोठं सभागृह रंगवायचं होतं. धाकट्या नणंदेच्या कानावर हे गेलं.

"वहिनी, उद्यापासून गॅरेजमध्ये ये," ती म्हणाली. "दंडांना कामाला लावू."

नणंद कॉलेजात वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायची. आता ती चष्म्याच्या दुकानात होती, पण गाडी विकल्यापासून गॅरेजमध्ये तिचा बाक, स्टँड आणि लोखंडी बार मांडलेला होता. तिनं वहिनीला बाकावर उताणं झोपवलं आणि बार खांद्यांइतक्या अंतरावर धरायला लावला. तो छातीच्या खालच्या भागावर उतरवायचा, मनगट कोपराच्या बरोबर वर, आणि कोपरं बरगड्यांजवळ.

"पंखांसारखी फाकतायत बघ. आत घे."

"फाकली की हलकं वाटतं गं."

"वाटणारच. दंडाचं काम खांदा करतो ना. पण मग बार गळ्याकडे सरकतो. आणि मी नसताना याखाली झोपायचं नाही."

दोन आठवडे तिनं ऐकलं. वजन वाढवायचं मात्र नणंद रोज 'पुढच्या आठवड्यात' म्हणायची, आणि हिला ते कोपराला गूळ लावल्यासारखं वाटायचं. एका सकाळी हातातलं काम पुढे ढकललं गेलं. नणंद दुकानात होती आणि घरात फक्त सासूबाई, रेडिओ मोठ्यानं लावून बसलेल्या. तिनं गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो वाढवले आणि शिकवल्याप्रमाणे वजनाच्या चकत्या घसरू नयेत म्हणून त्यांना चिमटे लावले.

पाच वेळा बार नीट वर गेला. सहाव्या वेळी कोपरं आपोआप फाकली. सातव्या वेळी उजवं कोपर बाहेर निसटलं, बार छातीऐवजी गळ्याखालच्या हाडावर आदळला आणि अंगठाभर पुढे घरंगळून घशावर टेकला.

तिनं ढकललं, पण बार हलला नाही. एका बाजूला कलता करून चकत्या सोडाव्यात, तर चिमटे. "आई" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती घरघर बाहेर पडली. भिंतीपलीकडे रेडिओवर कुणीतरी विनोद सांगितला आणि सासूबाई हसल्या. तिच्या पाचावर धारण बसली. पाय फरशीवर घासत होते, कानात रक्त धडधडत होतं. आपण इथे मरणार, आणि बादलीत भिजवलेला रोलर तसाच राहणार, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

पुन्हा ढकलताना तिला कळलं की भीतीनं कोपरं आणखीच फाकतायत, आणि फाकली की हातात जोरच उरत नाही. ती आत घ्यायची तर क्षणभर ढकलणं सोडावं लागणार होतं. म्हणजे तेवढा वेळ सगळा भार घशावर.

ते तिच्यानं होईना. एकदा ठरवलं, हात ऐकेनात. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं तेव्हा तिनं जोर सैल केला.

घशात काहीतरी कुरकुरलं. तिनं कोपरं बरगड्यांना चिकटवली, मनगटं त्यांच्यावर आणली आणि पायांच्या दिशेनं रेटलं. बार बोटभर उचलला गेला आणि छातीवर आला. तिनं श्वास घेतला. मग पोटावरून, कळा सोसत, तो मांड्यांपर्यंत लोटला, उठून बसली आणि बारासकट फरशीवर घसरली.

दार उघडून सासूबाई आत आल्या.

"झोपायला हीच जागा सापडली का? फोन कधीचा वाजतोय."

"आले, आई," ती म्हणाली. आवाज फाटका होता. सासूबाईंनी तिचा गळा पाहिला. गुडघ्यांपायी वर्षानुवर्षं जमिनीवर न बसलेल्या त्या तिच्याशेजारी बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी आतून सूज आहे म्हणून सांगितलं, बाकी काही मोडलं नव्हतं. संध्याकाळी नणंद आली तेव्हा गळ्यावरचा पट्टा जांभळा झाला होता. ती रागावली नाही.

"चिमटे लावायला मी शिकवलं," ती म्हणाली. "एकटीनं दाबताना ते लावायचे नसतात, हे सांगितलंच नाही. एकटी करणारच नाहीस असं धरून चालले."

आठ दिवस वहिनी गॅरेजकडे फिरकली नाही. तिला पाठीवर झोपवेना, शर्टाचं वरचं बटण लावलं तरी जीव घुसमटायचा. नवव्या दिवशी ती स्वतःच गेली. नणंदेनं चकत्या काढल्या आणि मोकळा बार दिला. तो डोळ्यांवर येताच कोपरं फटकन फाकली. नणंदेनं ती बाहेरून तळव्यांनी धरली.

"मी आहे."

"तुझेच हात थरथरतायत."

"मग काय झालं. आत घे."

तिनं तीनदा केलं आणि उठली.

सभागृहासाठी तिनं जोडीला आणखी एक रंगारी घेतला, आणि काम वेळेत झालं. व्यायामही चालू आहे. बार डोळ्यांवरून जाताना अजून तिचा घसा कोरडा पडतो. ती तसं सांगते, नणंद थांबते, आणि मग दोघी मोजायला लागतात.