माझ्या पोटातला टवका

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझी गोष्ट फार शोभेची नाही, कारण तीत सूड आहे. मुलांना ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. अजूनही मला खात्री नाही.

माझं तरुणपण मैंदर्गीला गौरम्मांच्या फडताळात गेलं. त्या उखळात शेंगाची चटणी कुटत आणि माझ्यात गच्च दाबून भरत. पुढे त्या मुलाकडे सोलापुरात राहायला आल्या. तिथे प्लास्टिकचे डबे होते, म्हणून मी माळ्यावर गेले. किती वर्षं धूळ खात होते, कोण जाणे. एके दिवशी त्यांची तिसरीतली नात अंकिता हिने मला खाली काढलं. तिच्या प्रेमलाबाईंना वर्गासाठी बरणी हवी होती.

बाईंनी मला घासून धुतलं आणि माझ्यात पाणी, थोडा डिंक व मूठभर चमकी भरली. रोज सकाळी अंकिता मला जोरात हलवायची. बाई सांगायच्या, "राग आला की आपलं मन असं गढूळ होतं. चमकी खाली बसेपर्यंत कुणी बोलायचं नाही. नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायचं." चाळीस मुलं गप्प बसून माझ्याकडे बघायची. चटणीच्या दिवसांतही मला एवढा मान मिळाला नव्हता.

एका मधल्या सुट्टीत अंकिताच्या वर्गातल्या महेश्वरीने माझं झाकण उघडलं. तिला आपल्या पुडीतली गुलाबी चमकी माझ्यात घालायची होती. घाईत तिने मला खिडकीच्या गजावर आपटलं आणि माझ्या काठाचा टवका उडाला. तिने इकडेतिकडे पाहिलं, तो टवका माझ्याच पोटात टाकला आणि झाकण लावून ती पळाली.

दुसऱ्या दिवशी अंकिता मला हलवत असताना झाकणाखालून पाणी गळलं, ते बाईंनी पाहिलं.

"अंकिता, बरणी तुझ्याकडे असते ना?"

"मी न्हाई फोडली, बाई! आमच्या अज्जीची हाय ती. मी कशाला फोडू?"

"खोटं बोलायचं नाही. शनिवारी पालकसभेला अज्जी येतील, त्यांनाच सांगते."

आणि मला हलवायचं काम बाईंनी कुणाला दिलं? महेश्वरीला!

मी डूख धरला. ती मला हलवायची, तेव्हा मी पोटातला टवका नेमका काचेवर आपटायचे. टिण्! शांत वर्गात महेश्वरी दचकायची आणि मला गोड वाटायचं. गुरुवारी अंकितालाही तो आवाज कळला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा महेश्वरीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे, आणि शेजारणीच्या कानात म्हणाली, "शनिवारी सगळ्यांसमोर तिचं नाव घेते की न्हाई बघ."

घे, मी मनात म्हणाले. चांगलं मोठ्याने घे.

शनिवारी पालक मागच्या बाकांवर बसले. गौरम्माही आल्या. महेश्वरीने मला हलवलं. टिण्! अंकिता ताडकन उभी राहिली.

"चमकी बसू दे आधी," बाई म्हणाल्या.

ती उभ्या उभ्या श्वास मोजू लागली. मी चमकीला घाई करत होते, पण चमकी कुणाचं ऐकत नाही. तेवढ्यात काचेपलीकडे तिला महेश्वरीची बोटं दिसली. माझा फुटका काठ ती झाकू पाहत होती.

शेवटचा कण खाली बसला.

"बाई, काठाची काच आतच हाय."

"आत कशी गेली?"

अंकिताने ओठ आवळले. "ते मी न्हाई सांगणार. जिला ठाऊक हाय, तिनं सांगावं." आणि ती खाली बसली.

महेश्वरीला हुंदका फुटला. "माझ्याकडनं फुटली, बाई. मी लई भ्याले."

"अगं, रडतीस कशाला?" गौरम्मा मागून म्हणाल्या. "माझे तर दातच पडले. हिचा एक टवका गेला तर काय झालं?"

सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या अंकिताजवळ गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुझं ऐकून न घेता मी बोलले. माझं चुकलं."

खरं सांगू? माझं समाधान झालं नाही. मला ते नाव अंकिताच्या तोंडून ऐकायचं होतं. मुलांची चमकी बसली, माझी अजून बसायची आहे. बाई टवका काढू लागल्या तेव्हा महेश्वरीच म्हणाली, "राहू द्या, बाई. वाजला की मला आठवण राहील." आता माझ्या काठाला चिकटपट्टी आहे आणि दोघी मिळून मला हलवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपून हाताळा. तरीही हातून काही फुटलंच, तर तुकडा लपवू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण वाजता येतं.