किंमत

सोंगग्यूनं फोन मसाल्याच्या परातीशेजारी आपटला.

"ताई, कालचा भाग वाचला होतास का तू?"

ओकजू पानांना मसाला माखत होती. एक पान, वर मसाला, वर दुसरं पान. दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बाजारात तिचं तयार भाज्यांचं दुकान होतं. वरच्या माळ्यावर तिचा धाकटा भाऊ गेली चार वर्षं एका जादूगाराची कादंबरी लिहीत होता, रोज एक भाग, आणि लोक ती फोनवर वाचत. संध्याकाळी सहाला भाग लावायचा, त्याआधी तो ताईनं वाचायचा, असा घरचा शिरस्ता. ताई आठवी शिकलेली, पण चुका काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

"ठीक आहे म्हटलं होतं ना."

"कसलं ठीक? गारामनं अख्खी छावणी जाळली आणि किंमत कुणी दिलीच नाही. चौदाशे अकरा भाग नियम पाळला, आणि आता हे."

त्या कादंबरीची सगळी मदार एका नियमावर होती. जादूची किंमत जादूगार देत नाही, त्याच्या सगळ्यांत जवळचं माणूस देतं. गारामनं मंत्र म्हटला की त्याच्या बहिणीचं, नारेचं, काहीतरी जायचं. आतापर्यंत तिची दोन बोटं गेली होती, जिभेची चव गेली होती. वाचक शिव्या घालत, रडत, आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा हजर. काल मात्र छावणी जळत असताना नारे आपली स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, धडधाकट.

"आता जादू फुकट मिळते वाटतं, असं लिहिलंय एकानं. हे बघ, वाच."

"तूच वाच. माझे हात माखलेत."

त्यानं पाच-सहा शेरे वाचून दाखवले. शेवटच्यात लेखकाला चहाची टपरी टाकायचा सल्ला होता. ओकजू जराशी हसली.

"किंमत दिली नाही कशावरून?" ती म्हणाली. "तिचे डोळे गेले म्हण."

"लसूण सोलतेय ती."

"त्याला डोळे कशाला लागतात?"

सोंगग्यू स्टूल ओढून बसला. तीन वाजून गेले होते. त्यानं फोन उचलला आणि टिपायला लागला.

"पण सांगेल ना ती कुणाला तरी."

"कशाला? सांगितलं तर त्याचा हात अडखळेल. ऐन लढाईत." ओकजूनं पुढचं पान उचललं. "आणि एकदम नाही जायचे. आधी केसासारखे काळे धागे तरंगतात. झाडायला जावं तर हाती काही येत नाही. मग मधलंच पुसलं जातं, कडेकडेचं राहतं. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचं. मीठ बोटांवर घेऊन अंदाज घ्यायचा. मान तिरकी केली की थोडं भागतं."

"मान तिरकी," सोंगग्यू टिपत म्हणाला. "झकास. अजून?"

"समोरच्याचा चेहरा जातो. कान तेवढे राहतात."

तो आणखी दोन ओळी लिहून गेला, आणि मग त्याची बोटं थांबली. ताई त्याच्याकडे बघत होती, मान तिरकी करून, त्याच्या कानाच्या बाजूला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"धागे मागच्या हिवाळ्यात. वाचणं बंद होऊन दोन महिने झाले."

"साखरेमुळे? डॉक्टर काय म्हणाले?"

"वसंतात यायला हवं होतं म्हणाले. तेव्हा सुया देऊन थांबवता आलं असतं. आता आहे तेवढंच सांभाळायचं."

वसंतात कादंबरी संपणार होती. वाचक वाढताहेत म्हणून संपादक बानबाईंनी शंभर भाग वाढवून मागितले, आणि खाली येऊन त्यानं ताईला मिठी मारली होती. दुकान बंद ठेवायचं नाही, त्याचं जेवण चुकवायचं नाही, कादंबरी संपली की बघू, असं तिनं तेव्हाच ठरवलं असणार. त्याला भडभडून आलं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी वाटली नव्हती.

"ताई, मी आजच संपवतो. एका भागात."

"वेड लागलंय का? असं कुणी संपवतं? लोक तोंडात शेण घालतील." तिनं परात चाचपून झाकण लावलं. "जा, लिही. सहा वाजतील."

तो वर गेला. रडत रडतच लिहिलं त्यानं, आणि तिनं सांगितलेला एक शब्दही बदलला नाही. सहाला पाच मिनिटं असताना खाली येऊन त्यानं सगळा भाग तिला वाचून दाखवला.

"आता ठीक आहे," ती म्हणाली.

साडेसहापर्यंत शेऱ्यांचा पाऊस पडला. नियम मोडलाच नव्हता, आपणच आंधळे, असं काल टपरीचा सल्ला देणाऱ्यानं लिहिलं. इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नाही, असं दुसऱ्यानं. कुणीतरी कालचा भाग पुन्हा वाचून रडलं होतं. सोंगग्यू प्रत्येक शेरा ताईला मोठ्यानं वाचून दाखवत होता. हळूहळू त्याचा आवाज मोकळा झाला.

सात वाजता बानबाईंचा फोन आला.

"लेखकसाहेब, कमाल केलीत. पहिल्या नंबरावर आहोत आपण. आता संपवायचं नाव काढू नका. आणखी शंभर भाग?"

त्यानं ताईकडे पाहिलं. ती भिंतीला हात लावत दुकानाचा पडदा ओढायला निघाली होती.

"शंभर नाही जमणार," तो म्हणाला. "साठ करू."